दुखण्याची साक्ष

मराठीतला 'बरा' हा शब्द मोठा सावध आहे. 'प्रकृती कशी आहे?' ह्या प्रश्नाला 'बरी आहे' असे उत्तर मिळाले, तर त्यात समाधान असते तसे थोडे हातचे राखलेलेही असते. 'वाईट' आणि 'उत्तम' ह्यांच्या मधल्या पायरीवर हा शब्द उभा राहतो. कोकणीत तो अधिक उदार आहे. 'देव बरें करूं' असे म्हणून आभार मानणारा माणूस समोरच्याचे पुरते कल्याण चिंतीत असतो. परंतु आजाराची गोष्ट निघाली की आपण ह्या शब्दाचा सावधपणाही विसरतो आणि उदारपणाही. ताप उतरला, रोगी भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत गेला, दोन घास जेवला, की 'बरा झाला' असा निकाल लागतो. निकालाबरोबर त्याची कामे त्याच्याकडे परत येतात, शेजारीपाजारी समाचाराला येईनासे होतात, आणि त्यानंतर तो आपल्या शरीराविषयी जे काही सांगेल ते आजाराच्या खात्यात न पडता स्वभावाच्या खात्यात पडू लागते.

विषाणूंमुळे येणारा ताप जाऊन महिने लोटल्यावरही किती जणांच्या अंगात काही ना काही मागे राहते, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत देता येईल असे वाटते. आकडे आहेतही. पण ते पाहू लागलो की ध्यानात येते की ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे: जे दिसत नाही, मोजता येत नाही, असे दुःख दुसऱ्याने सांगितले तर ते आपण कोणत्या आधारावर मानावे किंवा नाकारावे? हा दुसरा प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याच्या उत्तरावाचून पहिल्याचे उत्तर नीट मांडताच येत नाही.

आपल्या भागाला सर्वांत परिचित उदाहरण चिकुनगुन्याचे. हा रोग १९५२च्या सुमारास आफ्रिकेतील टांगानिका देशात, आजच्या टांझानियात, प्रथम ओळखला गेला आणि तेथील माकोंदे लोकांच्या भाषेतून त्याला नाव मिळाले. त्या नावाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. (नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून त्याचा संबंध कोंबडीशी जोडणारे आणि साथीच्या दिवसांत कोंबडी वर्ज्य करणारेही आपल्यात निघाले, त्यात कोंबडीचे तेवढे भले झाले.) १९१८च्या इन्फ्लुएन्झाला आपल्या पूर्वजांनी 'मानमोडी' म्हटले, तेही ह्याच जातीचे नाव. रोगाला नाव देताना सामान्य लोक ताप किती अंश चढला हे पाहत नाहीत, रोगाने माणसाचे काय केले हे पाहतात. चिकुनगुन्या भारतात १९६३ साली कलकत्त्यात दिसला, १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली, आणि मग तीस वर्षांहून अधिक काळ तो जणू नाहीसाच झाला. २००५च्या अखेरीस तो परत आला. २००६ ह्या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रोग्यांची नोंद झाली. कर्नाटक आणि महाराष्ट्र ह्या राज्यांना त्याचा फार मोठा तडाखा बसला.

ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरे. राहिली ती सांधेदुखी. सकाळी उठताना बोटे मिटत नाहीत, घोटे जमिनीवर टेकवत नाहीत, मनगटाने पाण्याचा तांब्या उचलत नाही. दुपारपर्यंत थोडे सैल होते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ज्यांचे आयुष्य खाली बसण्या-उठण्यात जाते त्यांना ह्या दुखण्याने विशेष गाठले. पाट्यावर वाटणारी, विळीवर बसून नारळ खवणारी, मांडी घालून तासन्‌तास जपाला बसणारा, देवापुढे साष्टांग घालणारा, पालखीला खांदा देणारा, ह्या सर्वांच्या कामाचा भार नेमका त्याच सांध्यांवर पडतो. खुर्चीवर बसून लिहिणाऱ्या कारकुनाला जे दुखणे 'जरासे' वाटेल ते देवळातल्या पुजाऱ्याला कामावरून उठवू शकते. तेव्हा 'किती जणांना त्रास उरला?' ह्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी त्रास कोणाच्या जीवनाला लागला ह्यावरही अवलंबून असते.

ह्या रोगाच्या पुढील इतिहासाचा एक चांगला अभ्यास हिंदी महासागरातील रियुनियन ह्या फ्रेंच बेटावर झाला. २००५-०६च्या साथीत तेथील लोकसंख्येपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना लागण झाली. दोन वर्षांनी संशोधकांनी दोन प्रकारच्या लोकांना एकच प्रश्न विचारला: ज्यांच्या रक्तात त्या विषाणूची खूण होती त्यांना, आणि ज्यांच्या रक्तात नव्हती त्यांनाही. सांधे आणि स्नायू दुखतात असे पहिल्यांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनी सांगितले, दुसऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनी.

ह्या दोन आकड्यांपाशी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण पुढच्या साऱ्या विचाराची किल्ली त्यांच्यात आहे. रोग न झालेल्या शंभरांतही सतरा जणांचे सांधे दुखत होते. म्हणजे ज्या त्रेचाळीस जणांना रोगानंतर दुखत होते, त्यांच्यापैकी काहींना रोग झाला नसता तरी दुखलेच असते. वयाने, कष्टाने, दुसऱ्या कोणत्या कारणाने. समूहाविषयी आपण निश्चित म्हणू शकतो की ह्या तापाने पुष्कळांना दीर्घकाळ दुखणे दिले. पण समोर बसलेल्या एका माणसाविषयी, 'तुझे दुखणे त्या तापाचेच' असे छातीवर हात ठेवून सांगता येईलच असे नाही. आणि तरीही, त्या शंभरांपैकी एकाचेही दुखणे ह्या हिशेबामुळे खोटे ठरत नाही. सतरांचे दुखतच होते आणि त्रेचाळिसांचेही दुखतच होते. अनिश्चित होते ते कारण.

कोविडच्या साथीने हाच प्रश्न साऱ्या जगापुढे उभा केला. २०२०च्या वसंतात ज्यांना रोग 'सौम्य' झाला असे सांगण्यात आले होते त्यांच्यापैकी अनेकांना महिन्यामागून महिने थकवा, धाप, छातीत धडधड, बोलता बोलता शब्द न आठवणे, असे होत राहिले. त्यांच्या अवस्थेला 'लाँग कोविड' हे नाव मिळाले, ते वैद्यांनी नव्हे तर रोग्यांनी दिले. आधी रोग्यांनी एकमेकांना ओळखले, मग शास्त्राने त्यांना ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ह्या अवस्थेची व्याख्या केली: लागणीपासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्या निदानाने उलगडत नसलेली लक्षणे. तिचे प्रमाण प्रथम शंभरांत दहा ते वीस असे धरले गेले; पुढे तो अंदाज शंभरांत सुमारे सहा असा खाली आला. ब्रिटनमध्ये मार्च २०२३च्या सरकारी पाहणीत सुमारे १९ लाख लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या २.९ टक्क्यांनी, आपल्याला ही अवस्था असल्याचे स्वतः सांगितले आणि त्यांच्यापैकी सुमारे १५ लाखांच्या रोजच्या व्यवहाराला तिची झळ लागत होती. वीस, सहा, तीन, ह्या आकड्यांत कोणी लबाडी केलेली नाही. कोणाला मोजले, केव्हा मोजले, काय विचारले, ह्यांवर आकडा हलतो. पण सहा हाच आकडा धरला तरी शंभर पानांच्या पंगतीत सहा माणसे. ती पंगतीत बसलेली असतात, वाढलेले जेवत असतात, आणि त्यांच्याकडे पाहून काही कळत नाही.

हा काही ह्या दोनच रोगांचा गुण नव्हे. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीचे फोड सुकल्यावरही दहा ते अठरा टक्के लोकांना त्या जागी महिनोगणती आग होत राहते, पदराचा स्पर्शही सोसत नाही. पोलिओतून सावरलेल्यांना पंधरा ते चाळीस वर्षांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात जो ओळखला गेला आणि २०१५च्या सुमारास सत्तरी तालुक्यातील काजूच्या बागांत काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचला, त्या गोचिडीच्या माकडतापात दहा ते वीस टक्के रोग्यांना, आता सुटलो असे वाटत असताना तिसऱ्या आठवड्यात आजाराची दुसरी लाट येते; आणि त्यानंतरची अशक्तता पुष्कळ काळ रेंगाळते.

ऑस्ट्रेलियातील डबो ह्या गावच्या परिसरात झालेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला ह्या सर्वांत अधिक बोलका वाटतो. तीन अगदी वेगवेगळ्या संसर्गांनी, त्यांतले दोन विषाणूंचे, आजारी पडलेल्या २५३ लोकांचा तेथे मागोवा घेतला गेला. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २९ जण, म्हणजे शंभरांत बारा, अंग मोडून टाकणाऱ्या थकव्याने ग्रस्त होते. संसर्ग तीन, मागे राहिलेली अवस्था जवळजवळ एक. कोणाला ती होईल हे आधी सांगता येईल का, हेही पाहिले गेले. माणसाच्या मनोधारणेवरून ते सांगता आले नाही. वयावरून नाही, स्त्री की पुरुष ह्यावरूनही नाही. मूळ आजार किती तीव्र होता, त्यावरून मात्र सांगता आले. 'मनाने खंबीर राहिला असता तर केव्हाच उठला असता' हे आपले घरगुती निदान ह्या अभ्यासापुढे टिकत नाही.

मग हे निदान इतके लोकप्रिय का? मला वाटते, त्याचे कारण डोळ्यांत आहे. देवीच्या रोगाने ज्यांना गाठले त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, कित्येकांची दृष्टी जाई. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, पण तसे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते विसरता येणार नाहीत. त्या वणांना कोणी साक्ष मागितली नाही. पोलिओने बारीक झालेल्या पायालाही कोणी 'ढोंग' म्हटले नाही. त्या रोग्यांना इतर पुष्कळ यातना समाजाने दिल्या, पण ही एक दिली नाही. ज्याचे सर्व अवयव शाबूत दिसतात आणि ज्याच्या रक्ताचे कागद निर्दोष येतात, त्याच्या वाट्याला आजाराबरोबर खटलाही येतो. त्या खटल्यात तोच फिर्यादी, तोच आरोपी आणि साक्षीदारही तोच.

आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण, आणि त्यांचे प्रत्यक्ष ज्ञान ज्याचे त्याला मनाच्या द्वारे होते, असे त्या शास्त्राचे म्हणणे. म्हणजे माझा दुखणारा गुडघा तुम्हाला दिसेल, पण गुडघ्याचे दुखणे तुम्हाला कधीच प्रत्यक्ष होणार नाही. ते तुम्हाला माझ्या लंगडण्यावरून अनुमानावे लागेल, किंवा माझ्या शब्दावरून मानावे लागेल. आणि शब्द प्रमाण ठरायचा तर बोलणारा 'आप्त' हवा. आप्त कोण? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन ह्याने ह्याचे जे लक्षण केले त्याचा आशय असा: ज्याने ती वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू आहे. इतक्या जुन्या काळी, जातिकुळाची इतकी प्रतिष्ठा असलेल्या समाजात हे वाक्य लिहिले गेले, ह्याचे मला नेहमी नवल वाटते. आप्तत्व विद्येने येत नाही, कुळाने येत नाही. त्या वस्तूच्या साक्षात ज्ञानाने येते. स्वतःच्या दुःखाविषयी असे ज्ञान जगात एकाच माणसाला असते. त्या बाबतीत घरची मोलकरीण ही वैद्याच्याही वरची आप्त आहे. पुढे मराठीत 'आप्त' म्हणजे नातलग असा अर्थ रूढ झाला, आणि ज्यांच्या शब्दावर सर्वांत आधी विश्वास ठेवावा त्यांच्याच शब्दावर आपण सर्वांत कमी ठेवतो, ही विपरीत गोष्ट त्या अर्थाच्या सावलीत घडू लागली.

तथापि, येथे न थांबता आप्तवचनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'माझे गुडघे दुखतात' आणि 'माझे गुडघे त्या तापामुळे दुखतात' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याचा बोलणारा आप्त आहे. दुसरे वाक्य बोलणारा अनुमान करीत आहे, आणि अनुमानात रोगीही तुमच्या आमच्यासारखाच चुकू शकतो. फ्रान्समध्ये सुमारे २७ हजार लोकांच्या एका अभ्यासात, २०२१ साली, असे आढळले की दीर्घकाळ उरलेल्या शारीरिक तक्रारींचा संबंध रक्तात सापडलेल्या कोविडच्या खुणेपेक्षा 'मला कोविड होऊन गेला' ह्या समजुतीशी अधिक होता. वास जाणे हा त्याला ठळक अपवाद. रक्ताच्या त्या चाचणीतही उणिवा असतात, असा आक्षेप ह्यावर घेतला गेला, आणि तो योग्यच आहे. पण अभ्यास तसाच खरा धरला तरी त्यातून काय निघते? रोग्याने लावलेले कारण चुकीचे असू शकते, एवढेच. पुष्कळांनी मात्र त्यातून 'पाहा, हे सगळे मनाचे खेळ' असा अर्थ काढला. कारण सिद्ध न झाल्यामुळे त्यांनी कार्यच नाकारले. न्यायशास्त्राच्या एखाद्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर गुरुजींनी त्याला पुन्हा पहिल्या पाठाला बसवले असते.

ह्या चुकीची किंमत कोण देते, हेही पाहावे. लंडनच्या रॉयल फ्री ह्या इस्पितळात जुलै १९५५ मध्ये एक अनाकलनीय आजार पसरला. कर्मचाऱ्यांपैकी २९२ जणांना तो झाला, त्यांत परिचारिका पुष्कळ होत्या, आणि काहींची दुर्बलता दीर्घकाळ टिकली. कारण सापडले नाही. पंधरा वर्षांनी, १९७० साली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रोग्यांना न तपासता जुने कागद चाळून असे प्रतिपादले की ही सामुदायिक उन्मादाची साथ असावी; आणि रोग्यांत स्त्रिया फार होत्या, हे त्यांच्या आधारांपैकी एक होते. ह्या एका मताची सावली तशा रोग्यांवर कित्येक दशके पडून राहिली. लाँग कोविडही पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. म्हणजे ज्यांच्या शब्दाला घरात आणि दवाखान्यात आधीच वजन कमी, त्यांच्याकडेच हे न दिसणारे दुखणे अधिक येते. सुनेने 'अंग मोडून आले आहे' म्हटले तर सासू स्वयंपाकघरातील भांड्यांकडे पाहते. मुलाने तेच म्हटले तर त्याच्या अंगावर पांघरूण घालते. घरोघर असे असते असे मी म्हणत नाही. पण वाचकांपैकी बहुतेकांना असे एखादे घर आठवल्याशिवाय राहणार नाही.

'मग ढोंगी माणसांचे काय?' असा प्रश्न येथे हटकून विचारला जातो. ढोंगी आहेत, ते सर्वत्र आहेत. पण दोन चुका तोलून पाहाव्यात. ढोंग्यावर विश्वास ठेवला तर आपले चार दिवसांचे काम बुडते. खऱ्या रोग्यावर अविश्वास दाखवला तर त्याच्या दुखण्यावर एकाकीपणाची भर पडते, आणि पुष्कळदा तो लाजेपोटी उठून कामाला लागतो व अधिक खचतो. ही शेवटची गोष्ट अलंकारिक नव्हे. अशा कित्येक रोग्यांत श्रमानंतर एक-दोन दिवसांनी सर्व लक्षणे उसळून येतात, असे आता नीट ठाऊक झाले आहे. ह्याच जातीच्या एका दीर्घ थकव्याच्या रोगात ठरावीक मापाने व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार पूर्वी सांगितला जाई. ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो मागे घेतला. 'हिंडाफिरायला लाग म्हणजे बरे वाटेल' हा सल्ला कोणा रोग्याला उपयोगी पडेल, कोणाला मारक ठरेल. आणि कोणाला काय होते हे जाणण्याचे साधन पुन्हा त्याचा शब्द हेच.

चरकाने चिकित्सास्थानात ज्वराला एक मोठा अध्याय दिला आहे आणि ज्वर सुटलेल्या माणसाचा विचार त्यात वेगळा केला आहे: बळ परत येईपर्यंत त्याने श्रम, जड अन्न, फार हिंडणे टाळावे, नाहीतर ज्वर उलटतो. चरकाला विषाणू ठाऊक होते असे कोणी ह्यावरून म्हणू लागेल तर ते हास्यास्पद होईल. पण ज्वर गेल्याच्या दिवसाहून बळ आल्याचा दिवस निराळा, आणि मधला काळ हाही चिकित्सेचाच विषय, एवढे त्याने पाहिले होते. सुश्रुताने निरोगी माणसाचे लक्षण करताना दोष, अग्नी, धातू ह्यांच्या समतेवर न थांबता आत्मा, इंद्रिये आणि मन ह्यांची प्रसन्नताही त्यात घातली. रक्ताचा कागद निर्दोष आला तरी कापराचा आणि मोगऱ्याचा वास ज्याला महिनोन्‌महिने येत नाही, त्याच्या एका इंद्रियाची प्रसन्नता गेलेली आहे. सुश्रुताच्या मापाने तो अद्याप स्वस्थ नाही.

पूर्वी आपल्या घरांतही हा मधला काळ ओळखला जात असे. बाळंतिणीला सव्वा महिना. त्या सव्वा महिन्यात तिला कोणी 'तुला खरेच इतके अशक्त वाटते का?' असे विचारीत नसे. विश्रांती ही तिची रीत होती, तिने सिद्ध करण्याची बाब नव्हती. धर्मशास्त्रानेही अशक्तासाठी नित्याचे स्नान सोपे केले, ओल्या वस्त्राने अंग पुसणे पुरे मानले. ह्या रीतींतला दोष एवढाच की त्यांना ठरलेली मुदत असे. सुतक दहाव्या दिवशी सुटते, सव्वा महिना सव्वा महिन्याने संपतो. हे दुखणे मात्र पंचांग पाहून येत नाही आणि पंचांग पाहून जात नाही. मुदत ठरलेल्या दुःखाला आपण उदारपणे जागा देतो. मुदत नसलेल्या दुःखाने आपला धीर सुटतो, आणि मग आपण त्याला कर्मभोग म्हणून मोकळे होतो. कर्माच्या सिद्धान्ताशी माझा येथे वाद नाही. पण भोगणाऱ्याने स्वतःला धीर देण्यासाठी तो शब्द उच्चारणे वेगळे, आणि पाहणाऱ्याने मदतीतून अंग काढून घेण्यासाठी तो दुसऱ्याच्या माथी मारणे वेगळे. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब आपल्याला प्रत्यक्षही नसतो आणि अनुमानानेही लागत नाही. त्या विषयात आपण कोणीही आप्त नाही.

गोव्यात आणि कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. माणूस येतो, आपले दुःख सांगतो, आणि ते त्याच्या वतीने मोठ्या आवाजात देवाच्या कानी घातले जाते. ह्या वेळी त्याला कोणी पुरावा विचारीत नाही. दुःख कशामुळे आले, त्यावर काय करावे, हे विचारायचे असेल तर कौल लावतात. तो वेगळा विधी आहे आणि त्याचे उत्तर कधी मिळते, कधी मिळत नाही. पाकळी उजवीकडची पडो, डावीकडची पडो किंवा मुळीच न पडो, घातलेले गाऱ्हाणे मागे घेतले जात नाही. ऐकणे आधी आणि कारण नंतर, हा क्रम आपल्या देवळांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे, घरांना मात्र तो जमत नाही. ज्या माणसाचे गाऱ्हाणे देवाने ऐकून घेतले त्याला उंबऱ्याबाहेर आल्यावर महाजनांपैकी कोणी 'गेल्या वर्षीच्या तापाचे अजून काय घेऊन बसलास?' असे म्हणतो, आणि म्हणताना आपण काही वावगे बोललो असे त्याला वाटत नाही.

काही देवस्थानांत सभामंडपाच्या कडेला चार खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या वृद्धांसाठी आहेत असा सार्वत्रिक समज आहे, म्हणून पस्तिशीची एखादी बाई आरतीच्या वेळी त्यांतल्या एकीवर टेकली की माना वळतात. सेवेच्या पाळ्या लावताना 'ह्या वर्षी मला जमणार नाही' असे सांगणाऱ्याला का, असे विचारले जाते. पाळी बदलून देण्यासाठी ते विचारण्याची खरोखर गरज नसते. त्याच्या जागी दुसरा भाऊबंद उभा राहतो, आणि पालखी वेळेवर निघते.